देशासाठी फॉर्म बी नसतो

२१ मार्च २०२३, मंगळवार, पाडव्याचा आदला दिवस. नागपुरात सी-२० ची, म्हणजे जी-२० च्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक चालू होती, वर्धा रोडवर दिव्यांच्या माळा आणि बंदोबस्त. बुटीबोरीची पार्टी (माझे अशील, तिथले एक कारखानदार) त्यामुळे पाऊण तास उशिरा आली. बसायच्या आधीच त्यांनी मोबाइलवरची बातमी माझ्यापुढे धरली. आदल्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळानं श्रीलंकेसाठी सुमारे ३ अब्ज डॉलरचा, ४८ महिन्यांचा कार्यक्रम मंजूर केला होता.

"लंकेचं जमलं मॅडम. आता आमच्या देशाचं सांगा. तो तुमचा फॉर्म बी कुठी भरायचा?"

'आमचा देश' म्हणजे आफ्रिकेतला एक देश. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. तिथल्या सरकारी वीज कंपनीला यांनी पारेषण टॉवरचे गॅल्व्हनाइज्ड अँगल आणि नट-बोल्ट पुरवले होते. तीन खेपा, मिहानच्या डेपोतून न्हावाशेवा आणि तिथून बोटीनं. बिलं अनुक्रमे १,३८,०००, १,४६,००० आणि १,२८,००० डॉलरची, एकूण ४,१२,०००. अटी डी/ए १८० दिवस, म्हणजे खरेदीदारानं हुंडी स्वीकारायची, कागद घेऊन माल सोडवायचा आणि पैसे १८० दिवसांनी द्यायचे. मधल्या काळात त्या देशानं परकीय कर्जाची फेड थांबवली.

फॉर्म बी यांना माहीत होता, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक देशी ग्राहक दिवाळखोरीत गेला होता आणि त्यात रिझोल्युशन प्रोफेशनल (आरपी, म्हणजे दिवाळखोर कंपनीचा कारभार आणि तिच्यावरचे दावे सांभाळणारी व्यक्ती) मी होते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीविरुद्धचा अर्ज न्यायाधिकरणानं दाखल करून घेतला की जाहीर नोटीस निघते आणि दावे मागवले जातात. बँका फॉर्म सी भरतात, माल देणारे फॉर्म बी. (विदर्भातले हे अर्ज चालतात मुंबईला. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, पण एनसीएलटीच्या, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाच्या, तारखेला आम्ही रात्रीची दुरांतो पकडतो.) कलम १४ खाली वसुलीवर बंदी येते. दावा मोजायचा तो प्रक्रिया सुरू झालेल्या तारखेपर्यंतचाच. त्यापुढचं व्याज दाव्यात चढत नाही. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ तरतूद वाटेल, पण सगळा डोलारा हिच्यावर उभा असतो. तारीख गोठली की रकमा गोठतात आणि रकमा गोठल्या की भांडण फक्त वाटणीचं उरतं.

दाव्यांची यादी करणं हे आमच्या कामातलं सगळ्यात नीरस काम, आणि मी ते ज्युनिअरवर सोडत नाही. पुरवठादाराची खातेवही आणि कंपनीची खातेवही सहसा जुळत नाही. क्रेडिट नोट एकीकडे धरलेली असते, दुसरीकडे नसते. टीडीएस कापलेला असतो, भरलेला नसतो. एकच बिल शाखा कार्यालयानं एकदा आणि मुख्य कार्यालयानं एकदा चढवलेलं असतं. तीन आठवडे हे निवडल्यावर कळतं की खरं देणं किती. मग ती यादी सगळ्यांना बघायला मिळते. एकाचा दावा दुसरा पाहू शकतो, म्हणून थापा आपोआप कमी होतात.

मी त्यांना सांगितलं की देशासाठी असा फॉर्म नाही. तो घ्यायला आरपी नाही, नोटीस काढणारं न्यायाधिकरण नाही, गोठलेली तारीख नाही. ते हसले. त्यांना वाटलं, मी फी वाढवायच्या बेतात आहे.

मग आम्ही फाइल उघडली.

पहिल्या खेपेवर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणाऱ्या कंपनीचा, विमा होता. उरलेल्या दोन खेपांवर नव्हता, कारण त्या खरेदीदारावरची मर्यादा पहिल्याच बिलात संपली होती आणि ती वाढवून घेण्याचा अर्ज यांच्याच अकाउंटंटच्या टेबलावर पडून राहिला. "सरकार आहे, सरकार कुठी बुडते?" हा त्यामागचा हिशेब. तिसऱ्या खेपेचे पैसे वीज कंपनीनं मुदतीच्या दिवशी स्थानिक चलनात भरले होते, पण तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे डॉलर नव्हते, म्हणून ते तिथेच अडकले. दुसऱ्या खेपेचे तेवढेही भरले नव्हते. आणि फाइलच्या तळाशी, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं, तिथल्या अर्थमंत्रालयाचं पत्र. पार्टी त्याला 'गॅरंटी' म्हणत होती. मी ते दोनदा वाचलं. मंत्रालयाला या कराराची कल्पना आहे आणि योग्य ती अर्थसंकल्पी तरतूद करण्याचा प्रयत्न राहील, एवढंच त्यात होतं. याला कम्फर्ट लेटर म्हणतात. हमी असती तर हे देणं सरकारी हमीच्या कर्जात मोजलं गेलं असतं. पत्रामुळे ते कुठेच मोजलं जात नाही. आमच्याकडच्या बँकेनं हेच पत्र बघून बिलं वटवली होती. परकीय चलन विभागात बसणाऱ्यांनी निदान 'प्रयत्न' हा शब्द तरी वाचावा.

म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच खरेदीदाराला गेलेल्या मालाचे तीन वेगळे धनको झाले होते. पहिल्या खेपेत विमा कंपनीनं भरपाई दिली की वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो, आणि ती भारत सरकारची कंपनी आहे. दुसऱ्या खेपेत वीज कंपनीचा साधा व्यापारी धनको. तिसऱ्या खेपेत तर ऋणको नेमका कोण, यावरच वाद. वीज कंपनी म्हणते आम्ही भरले, मध्यवर्ती बँक म्हणते आम्ही घेतले, पण देणं आमचं नाही. तेवढ्यात ते चलन घसरत होतं.

दुपारी पार्टीनं विचारलं, हेअरकट, म्हणजे येण्यातली कपात, किती बसेल. इथे मला फळ्यावर जावं लागलं.

देशाची कर्जफेड थांबली की गाडी साधारण अशी चालते. आधी नाणेनिधीचे कर्मचारी आणि सरकार यांच्यात कार्यक्रमाचा मसुदा ठरतो. त्याबरोबर कर्ज कितपत झेपेल याचं विश्लेषण होतं. गरीब देशांच्या चौकटीत उंबरठे ठरलेले आहेत. कर्ज पेलण्याची क्षमता दुबळी असेल तर परकीय कर्जाचं वर्तमान मूल्य (पुढच्या फेडीची आजची किंमत) निर्यातीच्या १४० टक्क्यांपर्यंत आणि वर्षाची फेड महसुलाच्या १४ टक्क्यांपर्यंत. मध्यम क्षमतेला १८० आणि १८, भक्कम क्षमतेला २४० आणि २३. त्यातून निघतं ते फक्त एकूण किती सवलत लागेल याचं माप. कोणी किती सोसायची, ते नाणेनिधी सांगत नाही. मग सरकारी धनकोंकडून आश्वासनं येतात की आम्ही एवढी सवलत देऊ. ती आल्यावर मंडळ पैसे सोडतं. त्यानंतर सरकारी धनकोंची समिती करार करते, प्रत्येक देश आपापला द्विपक्षीय करार करतो, आणि रोखेधारकांना सांगितलं जातं की तुमच्याकडूनही 'तुलनीय वागणूक' हवी.

या दोन शब्दांवर वर्षं जातात. कारण तुलना मोजायची कशानं, हे आधी ठरलेलं नसतं. पॅरिस क्लब, म्हणजे कर्ज देणाऱ्या सरकारांचा जुना गट, तीन मापं सांगतो: कार्यक्रमाच्या काळातली फेड किती घटली, वर्तमान मूल्य किती घटलं, मुदत किती लांबली. तिघांना वजन किती, ते सांगत नाही. मी फळ्यावर दोन धनको मांडले, दोघांचे १००-१०० डॉलर येणे. पहिला म्हणतो, मुद्दल एक पैसाही सोडणार नाही, पण १५ वर्षांनी द्या, तोवर सालीना १ टक्का व्याज. दुसरा म्हणतो, ३५ सोडले, ६५ पाच वर्षांनी द्या, तोवर ५ टक्के व्याज. जास्त कोणी सोसलं?

गरीब देशांच्या चौकटीत डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, ५ टक्के धरतात. त्यानं पहिल्याच्या १०० चे आजचे ५८ रुपये ४८ पैसे होतात, म्हणजे तोटा साडेएक्केचाळीस टक्के. दुसऱ्याचा तोटा ३५. पहिल्यानं जास्त सोसलं. आता दर २ टक्के धरा: पहिल्याचा तोटा १३ टक्क्यांवर येतो, दुसऱ्याचा जवळपास २६. क्रम उलटा. दर १० टक्के धरला तर पहिला ६८, दुसरा ४७. करार तेच, आकडे तेच, फक्त एक दर बदलला. (पार्टीला समजावं म्हणून मी डॉलरऐवजी रुपये बोलत होते, ते इथेही तसंच उतरलं.) पहिल्याला चढा दर सोयीचा, दुसऱ्याला उतरता. जो तो आपल्या सोयीचा दर धरतो आणि आपणच जास्त सोसलं असं मनापासून मानतो. खोटं कोणीच बोलत नसतं.

पार्टीनं फळ्याकडे बघून विचारलं, "मग दर आधीच काहून नाही ठरवत?" मला त्याला चांगलं उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

झांबियात नेमकं हेच झालं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं रोख्यांचं व्याज चुकवलं. २०२१ च्या सुरुवातीला जी-२० च्या 'कॉमन फ्रेमवर्क'खाली (गरीब देशांच्या कर्जाची फेरआखणी करायची सामायिक चौकट) अर्ज केला, डिसेंबरमध्ये कर्मचारी पातळीवर करार झाला, ऑगस्ट २०२२ मध्ये मंडळाची मंजुरी. फ्रान्स आणि चीन यांच्या सह-अध्यक्षतेखालच्या समितीनं ६.३ अब्ज डॉलरचा करार केला तो जून २०२३ मध्ये. ऑक्टोबरमध्ये रोखेधारकांशी तत्त्वतः जमलं आणि नोव्हेंबरमध्ये समितीनंच ते मोडलं: ही वागणूक तुलनीय नाही. परत मार्च २०२४ मध्ये नवा करार, आणि रोख्यांची अदलाबदल जूनमध्ये. साडेतीन वर्षं. आम्हाला कायद्यानं ३३० दिवस मिळतात आणि आम्ही ते ओलांडतो तेव्हा वर्तमानपत्रं आमच्यावर अग्रलेख लिहितात.

या साडेतीन वर्षांशेजारी बुटीबोरीचं घड्याळ ठेवून पाहा. बिल बुडाल्यावर बँकेनं ठरल्या दिवशी ते रुपयात 'क्रिस्टलाइज' केलं, म्हणजे डॉलरचं येणं पार्टीचं रुपयातलं देणं झालं, वर थकबाकीचं व्याज. ९० दिवसांत खातं एनपीए. रिझर्व्ह बँकेची निर्यातीचे पैसे आणायची मुदत तेव्हा नऊ महिने, त्यानंतर नाव थकबाकीच्या संगणकीय यादीत. तिकडे देशाला श्वास घ्यायला वेळ दिला, हे योग्यच झालं. तो वेळ विकत घेतला कोणी, हे मात्र कोणत्याही विश्लेषणाच्या तक्त्यात येत नाही.

हेअरकटच्या प्रश्नाचं खरं उत्तर आणखी चमत्कारिक होतं. मूळ मुदत एक वर्षाच्या आतली असलेली कर्जं सर्वसाधारणपणे या फेरआखणीत घेतच नाहीत. पॅरिस क्लबची ही जुनी रीत आहे आणि कॉमन फ्रेमवर्कमध्येही तीच आली. हेतू चांगला: रोजचा व्यापार थांबू नये, औषधं-इंधनाची बिलं चालू राहावीत. यांची बिलं १८० दिवसांची. म्हणजे यांच्यावर हेअरकट शून्य. कागदावर पूर्ण रक्कम, वेळेवर. आणि डॉलर नाहीत, म्हणून हातात काहीच नाही. फेरआखणीत नाव असतं तर निदान पंधरा वर्षांचं वेळापत्रक मिळालं असतं.

शेजारच्या प्लॉटवरच्या कारखान्याचा मालही आफ्रिकेत गेला होता, पण एक्झिम बँकेनं परदेशी खरेदीसाठी दिलेल्या कर्जाखाली, म्हणजे लाइन ऑफ क्रेडिटखाली. तिथे पुरवठादाराला पैसे इथेच मिळतात आणि वसुलीची डोकेदुखी बँकेची. माल तोच, रस्ता तोच. पार्टीला हे माहीत होतं आणि त्या दिवशी ते तीनदा बोलून दाखवलं.

जगात यावर काही झालंच नाही असं नाही. नाणेनिधीच्या ॲन क्रूगर यांनी २००१ च्या नोव्हेंबरमध्ये देशांसाठी दिवाळखोरीसारखी वैधानिक यंत्रणा सुचवली होती. २००३ मध्ये ती बारगळली, अमेरिकेचा पाठिंबा नव्हता आणि कर्ज घेणाऱ्या मोठ्या देशांनाही ती नको होती. मग रोख्यांच्या करारातच बहुमताचं कलम घालायचा मार्ग निघाला. अर्जेंटिनाच्या २००५ आणि २०१० च्या अदलाबदलीत सुमारे ९३ टक्के धारक आले, उरलेल्यांतल्या काही फंडांनी न्यू यॉर्कच्या कोर्टातून देशाची कोंडी केली. २०१२ मध्ये घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं शिडाचं प्रशिक्षण जहाजही अडकवून ठेवलं होतं. त्यानंतर २०१४ मध्ये सुधारित कलम आलं: रोख्यांच्या सगळ्या मालिका (वेगवेगळ्या वेळी काढलेले संच) मिळून ७५ टक्के मतं पडली की उरलेल्यांवरही करार बंधनकारक. आमच्याकडे धनकोंच्या समितीत ६६ टक्के लागतात. जुन्या रोख्यांत मात्र अजून मालिकेनिहाय मतदान आहे. श्रीलंकेच्या जुलै २०२२ ला मुदत संपणाऱ्या १ अब्जाच्या मालिकेत एका बँकेनं २५ कोटींहून जास्त घेऊन ठेवले, म्हणजे चौथाईच्या वर, आणि जून २०२२ मध्ये दावा लावला. त्याच्याशिवाय ही मालिका ७५ टक्क्यांवर जाऊच शकत नव्हती. न्यू यॉर्कच्या कायद्यात करारभंगाच्या दाव्यावर वैधानिक व्याज ९ टक्के. थांबून राहणाऱ्याला याहून चांगली मुदतठेव मिळणार नाही.

बहुमताचं कलम रोख्यांपुरतं चालतं. सरकारी कर्जं, बँकांची कर्जं, पुरवठादार त्यात येत नाहीत. मोझांबिकमध्ये २०१६ मध्ये १ अब्ज डॉलरहून जास्त न दाखवलेली, सरकारी हमीची कर्जं उघडकीला आली, तीही रोख्यांची अदलाबदल झाल्यावर. २०२१ मध्ये १०० चिनी कर्जकरारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गोपनीयतेची कलमं आणि महसूल थेट राखीव खात्यात वळवण्याची तरतूद वारंवार दिसली. यादीच अपुरी असेल तर मतदान कशावर घेणार? २०२३ मध्ये भारताच्या जी-२० अध्यक्षपदाच्या काळात नाणेनिधी आणि जागतिक बँकेबरोबर देशांच्या कर्जांवरचं जे गोलमेज सुरू झालं, त्यानं एप्रिल २०२५ मध्ये टप्पे, माहितीची देवाणघेवाण वगैरे लिहून काढलं. चांगलं झालं. पण ते मार्गदर्शन आहे, बंधन नाही.

जागतिक न्यायाधिकरण व्हावं यासाठी मी आता झुरत नाही. मला तीन कोरड्या गोष्टी पुरतील. फेड थांबवल्याची एक तारीख, आणि त्यापुढे सगळ्यांचं व्याज एकाच दरानं. सहा महिन्यांत एक उघडी यादी, ज्यात हमी नसलेली सरकारी कंपन्यांची देणी आणि पुरवठादारही असतील. आणि तुलनेचं सूत्र, डिस्काउंट रेटसकट, वाटाघाटी सुरू व्हायच्या आधी छापलेलं. यात कोणाचं सार्वभौमत्व जात नाही. आमच्याकडेही पुरवठादाराला समितीत मत नसतं आणि कित्येक योजनांत त्याला शून्य मिळतं. मी स्वतः अशा योजना न्यायाधिकरणापुढे नेल्या आहेत, त्यामुळे इथला कायदा फार न्यायी आहे असा आव आणणार नाही. पण त्या शून्यापुढे त्याचं नाव आणि मान्य केलेली रक्कम तरी छापलेली असते.

संध्याकाळी साडेसहाला पार्टी उठली. पाडव्याला खातं पूजायचं की नाही, असं जाताना विचारून गेले. एकतीस मार्चच्या गर्दीत मी त्यांचं काम पुढचा महिनाभर टाळलं, हेही खरं.

पहिल्या खेपेचे ९० टक्के, १,२४,२०० डॉलर, चार महिन्यांची प्रतीक्षा आणि दोन शंकापत्रांनंतर ईसीजीसीकडून आले. बँकेचं खातं त्यावर तगलं. उरलं येणं: त्या बिलाचे १३,८००, दुसऱ्याचे १,४६,००० आणि तिसऱ्याचे १,२८,०००, मिळून २,८७,८००.

नंतर त्या देशानं पुरवठादारांच्या थकबाकीची पडताळणी सुरू केली आणि आम्हाला एक तक्ता आला, सही करून परत पाठवायला. त्यात पार्टीचं येणं होतं ५,४०,००० डॉलर. मी तासभर डोकं खाजवलं. तिसरं बिल दोनदा होतं, एकदा वीज कंपनीच्या यादीतून आणि एकदा मध्यवर्ती बँकेच्या. पहिलं पूर्ण धरलं होतं, विमा कंपनीला गेलेला हक्क वजा न करता. पार्टी म्हणाली, "करून टाकू का सही? शेवटी कटतेच ना मॅडम." मी नाही म्हणाले. आमच्याकडे असा फुगवलेला दावा आला असता तर मीच तो परत फेकला असता. दुरुस्तीचं पत्र, दोन्ही नोंदींचे क्रमांक, विमा कंपनीचा दाखला, सगळं कुरिअरनं पाठवलं.

उत्तर सात आठवड्यांनी आलं. रक्कम बदलण्यासाठी तिन्ही खेपांच्या बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या पावत्यांच्या, मूळ प्रती सादर कराव्यात. त्या मूळ प्रती दाखवूनच त्यांच्या वीज कंपनीनं बंदरावरून माल सोडवला होता.